‘अर्धसत्य’मधला विसरलेला खून

आमच्या तेरमध्ये ‘अर्धसत्य’चा विषय काढला, की लोकांना आधी रामा शेट्टी आठवतो. १९८३च्या या चित्रपटाला २०२३मध्ये ४० वर्षे झाली. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मराठी कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन यांवर पुष्कळ लिहिले गेले. सदाशिव अमरापूरकरांच्या शेट्टीचा गळा ओम पुरींचा अनंत वेलणकर दाबतो, तो शेवटही गाजला.

मला त्याआधीचा खून अधिक महत्त्वाचा वाटतो. दारूच्या नशेत वेलणकर एका किरकोळ चोराला कोठडीत इतके मारतो की तो मरतो. आईला मारणाऱ्या पोलीस बापाला लहानपणी त्याला अडवता आले नव्हते. आता बापाचाच हात त्याच्या खांद्यातून उगवलेला असतो. पुढे तो शेट्टीच्या दारात जातो, तो न्याय मागायला नव्हे. या प्रकरणातून वाचवा, एवढेच मागायला. तिथे मान राहत नाही, म्हणून गळा दाबला जातो.

शेट्टी मेला की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो आणि त्या श्वासात चोर पुसला जातो. वेलणकर पोलिसांच्या स्वाधीन होतो, तेही शेट्टीच्या खुनासाठी. गुंडाचा अंत हे अर्धे सत्य. उरलेले अर्धे कोठडीत पडून आहे. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या आजही येतात आणि ‘चोरच होता ना’ म्हणत आपण पान उलटतो. ‘अर्धसत्य’ पुन्हा पाहायचा तो त्यासाठी.