वॉल्डनकांठचा जमाखर्च

शहरांतल्या धकाधकीस कंटाळलेला सुशिक्षित मनुष्य खेड्यांत जमीन घेऊन आपलें धान्य आपण पिकविण्याचीं स्वप्नें पाहूं लागला, कीं कोणीतरी त्याच्या हातीं हेन्री डेव्हिड थोरो याचें ‘वॉल्डन’ ठेवतो. १८५४ सालीं प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ अशा रीतीनें स्वावलंबनाची पोथी होऊन बसला आहे. पोथीची पूजा पुष्कळ होते. तिचें बारकाईनें वाचन मात्र क्वचित् होतें. म्हणून भक्ति व उपहास हीं दोन्ही बाजूस ठेवून या ग्रंथाचें मोल पुन्हा एकदां पाहावें, असें आम्हांस वाटलें.

प्रथम वस्तुस्थिति. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत काँकर्ड म्हणून गांव आहे. त्या गांवापासून दीड मैलावर, वॉल्डन नांवाच्या तळ्याच्या कांठीं, आपला स्नेही इमर्सन याच्या जमिनीवर थोरोनें एका खोलीचें घर बांधलें. ४ जुलै १८४५ रोजीं तो तेथें राहावयास गेला व ६ सप्टेंबर १८४७ रोजीं परत आला. ग्रंथांत मात्र त्यानें या दोन वर्षांचें एकच ऋतुचक्र केलें आहे. उन्हाळ्यांत घेवड्याची खुरपणी. शरदांत धुरांडें आणि भिंतींचा गिलावा. हिवाळ्यांत गोठलेल्या तळ्याची खोली मोजणें. वसंतांत बर्फाचें फुटणें. ही रचना केवळ सोयीसाठीं केलेली नाहीं. ऋतु पालटला कीं काम पालटतें, आणि काम पालटलें कीं विचारही पालटतात, हें तिच्यामुळें न सांगतां दिसतें. तळें १८४५ सालीं १ एप्रिल रोजीं, १८४६ सालीं २५ मार्च रोजीं व १८४७ सालीं ८ एप्रिल रोजीं मोकळें झालें, अशी नोंद तो देतो. वसंताचीं वर्णनें करणारे लेखक पुष्कळ झाले; त्याच्या आगमनाची तारीख टिपून ठेवणारे थोडे.

हीच नोंद ठेवण्याची वृत्ति त्याच्या जमाखर्चांत दिसते, आणि आमच्या मतें या ग्रंथाचा प्राण तेथें आहे. घरास २८ डॉलर १२½ सेंट लागले. पहिल्या वर्षीं सुमारें अडीच एकर शेताचें उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट, खर्च १४ डॉलर ७२½ सेंट, शिल्लक ८ डॉलर ७१½ सेंट. एवढ्यावर निर्वाह होत नाहीं, हें तो लपवीत नाहीं; जमिनीची मोजणी, सुतारकी व मजुरी करून आणखी १३ डॉलर ३४ सेंट मिळविल्याचें तो लिहितो. अर्थात् ‘सर्व कांहीं स्वतः निर्माण केलें’ असा त्याचा दावाच नाहीं. वर्षांतून सहा आठवडे काम केलें तर आपला निर्वाह होतो, एवढेंच त्याचें म्हणणें. स्वावलंबन म्हणजे सर्व वस्तु घरीं करणें नव्हे, तर आपली गरज किती हें अर्ध्या सेंटापर्यंत ठाऊक असणें, हा त्याचा खरा सिद्धांत होय.

त्याचें अरण्यही जगापासून तुटलेलें नाहीं. तळ्याजवळून आगगाडी जाते. १८४६-४७ च्या हिवाळ्यांत शंभरेक आयरिश मजूर येऊन तळ्याचा बर्फ कापतात. त्यांच्यापैकीं कोणी पाण्यांत पडला तर थोरोच्या चुलीशीं ऊब घेतो. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांचा असा बर्फ जहाजांनीं कलकत्ता, मद्रास व मुंबईपर्यंत येत असे. सकाळीं भगवद्गीता वाचणाऱ्या थोरोच्या मनांत येतें, कीं वॉल्डनचें पाणी गंगेच्या पाण्यांत मिसळत आहे. कल्पना रम्य खरी. परंतु तिच्या पोटांत व्यापार आणि मजुरी आहे, याचें भानही त्यास आहे.

हें सारें मान्य करून आतां दोषाकडे वळूं. त्याच जमाखर्चांत एक विलक्षण वाक्य येतें. कपडे धुणें व शिवण-दुरुस्ती हीं कामें बहुतांशीं घराबाहेर झालीं, आणि त्यांचीं बिलें अद्याप आलेलीं नाहींत, असें तो म्हणतो. यावरून त्यास ढोंगी ठरविणारे टीकाकार झाले आहेत. त्यांच्या पंगतीस आम्ही बसत नाहीं, कारण ही गोष्ट जगास सांगितली ती त्यानेंच. तथापि अर्ध्या सेंटाचा हिशेब ठेवणाऱ्याची एक ओळ कोरी राहिली, आणि ती धुण्याशिवण्याच्या कामाचीच राहिली, ही केवळ थट्टेची बाब नव्हे. हें काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्याच वहींत चढलेलें नाहीं.

दुसरा दोष याहून मोठा. पावसांत सांपडलेला थोरो जॉन फील्ड या आयरिश मजुराच्या झोंपडींत आसरा घेतो. बायको व बरींच मुलें पदरीं असलेला हा मनुष्य दलदलीची जमीन खणून एकरीं दहा डॉलर मिळवितो. चहा, कॉफी, लोणी, मांस सोडा म्हणजे इतके राबावें लागणार नाहीं, असा थोरोचा त्यास उपदेश. हिशेब चुकीचा नाहीं. परंतु तो एकट्याचा, अविवाहिताचा, हार्वर्डच्या पदवीधराचा आहे. त्याच्या आईबापांचें घर जवळच काँकर्ड गांवांत होतें. फील्डनें परत जावें तें कोठें?

या प्रश्नाचें उत्तर ग्रंथांतच, हिवाळ्याच्या एका प्रकरणांत, जवळजवळ नकळत आलें आहे. थोरोच्या शेताच्या कोपऱ्याशीं पूर्वीं झिल्फा नांवाची कृष्णवर्णीय स्त्री राहत असे. गांवकऱ्यांसाठीं ती सूत कांती. १८१२ च्या युद्धांत, ती घरीं नसतांना, पॅरोलवर सुटलेल्या इंग्रज कैदी सैनिकांनीं तिचें घर जाळलें; मांजर, कुत्रा, कोंबड्या सर्व जळालें. तीही त्याच रानांत एकटी राहिली व स्वतःच्या श्रमावर जगली. परंतु तिचें राहणें प्रयोग नव्हतें, आणि तिचा जमाखर्च कोणीं लिहिला नाहीं. थोरोनें तिची आठवण ठेवली, हें त्यास भूषणावह आहे. तिच्या आठवणीच्या उजेडांत फील्डला केलेला उपदेश त्यानें पुन्हा तपासला नाहीं, हें ग्रंथाचें उणें होय.

तेव्हां शेतावर जाऊन राहूं इच्छिणाऱ्या वाचकानें हा ग्रंथ अवश्य वाचावा, आणि थोरोप्रमाणें वहीही ठेवावी. मात्र विहिरीवरून पाणी कोण आणतें, भांडीं कोण घांसतें, शेजारचा मजूर किती रोजावर येतो, या रकमाही तींत मांडाव्या. इतकें केल्यावर शिल्लक उरली, तर त्या स्वावलंबनाचें कौतुक करण्यास आम्ही मोकळे आहों.