शोभेचे फूल आणि भासाचे फळ

चित्रातील फूल खऱ्यासारखे दिसले पाहिजे, ही अपेक्षा आपल्या सुशिक्षित समाजात इतकी खोल रुजली आहे की, तिच्याविषयी शंका घेणे अरसिकपणाचे ठरते. शाळेतील चित्रकलेच्या परीक्षेत मुलांपुढे तांब्या व वांगी मांडतात आणि छायाप्रकाश हुबेहूब उतरला की गुण देतात. अभिरुची घडते ती अशी. सावंतवाडीच्या चितार आळीतील काम पाहिले म्हणजे मात्र ह्या कसोटीचा फेरविचार करावासा वाटतो. 1981 साली सिंधुदुर्ग जिल्हा निराळा होईपर्यंत सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच होती. तेव्हा हा विषय आम्हां रत्नागिरीकरांस परका नाही.

ह्या एकाच आळीत दोन वृत्तींची कला नांदते. एकीकडे पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची रंगविलेली फळे. आंबा, केळे, मिरची अशी की, हात लावल्यावाचून खोटी म्हणून कळू नयेत. दुसरीकडे पाट, डबे व गंजिफा ह्यांवरील लाखकाम. त्यातील वेलबुट्टीचे फूल कोणत्या झाडाचे, हे वनस्पतिशास्त्रज्ञासही सांगता येणार नाही. दिवाणखान्यात मान मिळतो तो पहिल्या प्रकारास. आमच्या मते श्रेष्ठ आहे तो दुसरा.

फळ पाहून आपण फसतो, फसल्याचे कळताच हसतो, आणि तेथेच तो आनंद संपतो. काठावरील फुलाचे तसे नाही. त्यास जागा भरावयाची असते, वळण सांभाळावयाचे असते, मध्यभागास उठाव द्यावयाचा असतो. नुसत्या पुनरावृत्तीत कसली प्रतिभा, असा आक्षेप कोणी घेईल. त्याने दशावतारी गंजिफा हाती घ्याव्या. दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी 120 पाने. मत्स्याच्या रंगात राजा व प्रधान वगळले तर एकापासून दहापर्यंत मासे त्याच लहानशा वर्तुळात बसवावयाचे. तीन माशांची मांडणी सातांस चालत नाही आणि सातांची दहांस चालत नाही. पुन्हा खेळणाऱ्यास संख्या एका दृष्टिक्षेपात कळली पाहिजे. ही अडचण सोडविण्यास लागते ती बुद्धी नक्कल करणाऱ्याची नव्हे, रचनाकाराची होय.

शोभेच्या फुलास युरोपातही एके काळी असेच काम होते. स्पेनमधील वालेन्सिया हे रेशीमविणकरांचे नगर. तेथील सान कार्लोस कलापीठात 1784 साली फुले व नक्षी ह्यांची शाळा निघाली, ती विणकरांस नमुने मिळावेत म्हणून. तिचा प्रमुख बेनितो एस्पिनोस ह्याची पुष्पचित्रे आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. तेथे ती सुंदर दिसतात खरी. परंतु चौकटीतील पुष्पगुच्छास पाहणाऱ्याची नजर सुखविण्याहून वेगळे कर्तव्य उरत नाही. एकोणिसाव्या शतकातील फुलापाखरांची दिवाणखानी चित्रे गोड असूनही लवकर विसरतात, ह्याचे एक कारण आम्हांस हेच दिसते.

सावंतवाडीपुढेही हाच धोका आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास गंजिफांची कला लोपण्याच्या बेतात होती. शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी ह्यांनी पुंडलिक चितारी ह्या वृद्ध कारागिराकडून तिची माहिती घेतली आणि राजवाड्यात तिचे काम पुन्हा सुरू केले. त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि आज ही पाने खेळण्यास घेणारा विरळा. बहुधा ती काचेआड जातात. पान खेळावयाचेच नसेल, तर दहा मासे स्पष्ट मोजता आले काय अन् न आले काय! मग हळूहळू रेघ ढिली पडते, सोनेरी रंग वाढतो आणि देवाची आकृतीच तेवढी उठून दिसू लागते. ह्याचा दोष कारागिरास देणे अन्यायाचे होईल. गिऱ्हाईक मागते तेच तो करितो.

म्हणून रसिकांस आमचे सांगणे इतकेच की, पाट घेतला तर त्यावर बसावे, डबा घेतला तर त्यात काही ठेवावे आणि गंजिफा घेतल्या तर सुटीत मुलांसह एक डाव मांडावा. वापराने लाख थोडी झिजेल, पण रेघ शाबूत राहील.