एका निकालपत्राचे गद्य

दिवाळी अंकातल्या समीक्षकाने कादंबरीची, नाटकाची, फार तर एखाद्या आत्मचरित्राची झडती घ्यावी, असा आपल्याकडे रिवाज आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता कोर्टाचे कागद कोण वाचील? तरीही यंदा मी वाचकांपुढे ठेवीत आहे ते एक निकालपत्रच. लाहोर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आयेशा मलिक यांनी ते ४ जानेवारी २०२१ रोजी दिले. ते इंग्रजीत आहे, आणि गद्य म्हणून वाचण्याच्या योग्यतेचे आहे.

पुढे २४ जानेवारी २०२२ रोजी या बाई पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या, आणि त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. त्या लिखाणाविषयी माझी एक तक्रार आहे. ‘पहिली’ हा शब्द सापडला की आपल्या चरित्रकारांचे काम तिथेच संपते. मुलगी हुशार होती, परदेशी शिकली, शपथविधी झाला, टाळ्या पडल्या! मधली वर्षे कुठे गेली? मलिक हार्वर्डहून एलएल. एम. होऊन आल्या हे सगळे सांगतात. पण १९९७ पासून त्या कराचीत फखरुद्दीन इब्राहिम यांच्या पेढीत होत्या, २००१ पासून एका मोठ्या कायदेविषयक पेढीत कंपन्यांचे व्यवहार सांभाळीत होत्या, तिथेच भागीदार झाल्या आणि लाहोरच्या कार्यालयाची धुरा त्यांच्याकडे आली, हा सारा भाग एका वाक्यात उरकला जातो. २०१२ साली त्या उच्च न्यायालयात गेल्या, त्या या शिदोरीवर. फखरुद्दीन इब्राहिम हे मूळचे अहमदाबादचे. १९८१ साली लष्करशहा झिया यांच्या फर्मानाखाली शपथ घेण्याचे नाकारून त्यांनी न्यायासन सोडले होते. अशा माणसाच्या पेढीत उमेदवारी करणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

पेढीतली वर्षे मला महत्त्वाची वाटतात, कारण मी स्वतः मुंबईत फोर्टातल्या एका पेढीत कारकुनी केली आहे. तिथे एक तरुण मुसलमान वकीलबाई होत्या. करारनाम्याचा मसुदा त्यांच्याइतका नेटका कोणी करीत नसे. पण अशील आले की त्यांच्याकडे पाहून विचारीत, “साहेब कधी येतील?” बाई शांतपणे म्हणत, “बसा, कागद माझ्याकडेच आहेत.” आम्ही कारकून मागे तोंड दाबून हसत असू. त्या हसण्याची लाज मला फार उशिरा वाटली. दोन वर्षांनी बाई पेढी सोडून गेल्या. कुठे गेल्या, हेही आम्ही विचारले नाही.

आता निकालपत्राकडे वळतो. प्रश्न असा होता की, अत्याचाराची फिर्याद घेऊन आलेल्या स्त्रीच्या कौमार्याची जी वैद्यकीय तपासणी केली जाते, तिला काही आधार आहे काय? विषय असा की एखाद्या लेखकाने दर चार ओळींनी डोळे पुसले असते. मलिक तसे करीत नाहीत. मसुदा तपासणाऱ्या वकिलाने एकेका कलमावर बोट ठेवावे, तसे त्या विचारीत जातात : या तपासणीने काय सिद्ध होते? वैद्यकशास्त्र काय म्हणते? सरकारचे उत्तर काय? फिर्याद अत्याचाराची असताना स्त्रीचे पूर्वायुष्य कोणत्या न्यायाने तपासायचे? उत्तरे संपतात आणि तपासणीच्या पायाखाली काहीच उरत नाही. मग राज्यघटनेतला जीविताचा, प्रतिष्ठेचा आणि समतेचा हक्क पुढे ठेवून त्या ही तपासणी बेकायदा ठरवितात. संताप त्या गद्यात आहेच, पण तो विशेषणांत नाही, क्रमात आहे. ही शिस्त पेढीची आहे, असे माझे मत आहे.

हे सारे परक्या मुलखातले म्हणून आपण सोडून देऊ नये. १९७२ साली आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. १९७४ साली सत्र न्यायालयाने तिच्या पूर्वायुष्याचाच आधार घेऊन आरोपींना सोडले. नागपूरला उच्च न्यायालयाने १९७६ साली त्यांना दोषी ठरविले, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सुटले. चार कायदेपंडितांनी १९७९ साली जाहीर पत्र लिहून त्या निकालाला आव्हान दिले, तेव्हा कुठे देश जागा झाला आणि १९८३ साली कायदा बदलला. तरी ही तपासणी चालूच राहिली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाला २०१३ साली आणि पुन्हा २०२२ साली तिच्याविरुद्ध बोलावे लागले.

मलिक यांच्या गद्यात एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. तपासणीच्या टेबलावर निजविलेली स्त्री या पानांत कुठेच बोलत नाही. दाद मागणाऱ्या सार्वजनिक कार्यातल्या जाणत्या स्त्रिया होत्या, म्हणून युक्तिवाद आहे, पण हुंदका नाही. वाङ्मयाचा वाचक म्हणून मला ते खटकले. मात्र देसाईगंजच्या खटल्यात माणूस होते, कहाणी होती, आणि ऐकून घेणारे कोणी नव्हते, हे आठवले की माझी तक्रार अर्धी विरते.

मलिक यांची नेमणूकही सुखासुखी झाली नाही. ज्येष्ठताक्रमात त्या चौथ्या होत्या. सप्टेंबर २०२१ मध्ये निवड करणाऱ्या आयोगात चार विरुद्ध चार अशी मते पडून नाव अडले. जानेवारी २०२२ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी ते पार पडले. ज्येष्ठतेचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. नियम सर्वांना सारखा असावा, हे म्हणणे रास्तच आहे. पण त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात तोवर एकही स्त्री बसली नव्हती, हेही त्याच रांगेने घडविले होते.

तेव्हा ‘पहिली’ या शब्दाला मी आता फारसा भुलत नाही. पहिली कोण, हे सांगायला एक ओळ पुरते. तिने मसुदे कसे केले, कागद कसे वाचले, हे सांगायला चरित्र लागते, आणि ते अजून लिहिले जायचे आहे. ते कोणी लिहील तेव्हा त्यात एक पान फोर्टातल्या त्या बाईंसारखीचेही असावे. कागद तिच्याकडेच होते.