अनिश्चित वाट आणि निश्चित कथन : मोटारसायकलवरील तीन एकाकी प्रवासांचे ग्रंथ

प्रवासवर्णनाची चर्चा करताना समीक्षकांनी प्रायः दोन प्रश्न विचारले आहेत. लेखकाने काय पाहिले, हा पहिला. आणि पाहताना त्याचे व्यक्तिमत्त्व कसे प्रकट झाले, हा दुसरा. तिसरा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. तो असा : वाटेवर असताना प्रवाशाला पुढचे किती ठाऊक होते, आणि तीच हकीकत सांगू लागल्यावर कथकाला किती ठाऊक आहे? मार्ग, मुक्काम आणि परतीची तारीख आधीच ठरलेल्या प्रवासात या दोन ज्ञानांमधील अंतर थोडे असते. म्हणून तेथे हा प्रश्न फारसा जाणवत नाही. परंतु ज्या प्रवासाची दिशा तेवढी ठरलेली आणि बाकी सर्व सैल, त्याच्या वर्णनात हाच प्रश्न कळीचा ठरतो. अनिश्चितता हे ज्या अनुभवाचे सत्त्व, त्याचे कथन मात्र शेवट ठाऊक असलेल्या माणसाला करावयाचे असते. या अडचणीतून वाट कशी काढली, यावरच अशा ग्रंथाची सचोटी अवलंबून राहते.

या दृष्टीने तीन इंग्रजी ग्रंथ एकत्र वाचण्याजोगे आहेत. रॉबर्ट एडिसन फुल्टन या अमेरिकन तरुणाचा 'वन मॅन कॅरव्हॅन' (१९३७), टेड सायमन या ब्रिटिश पत्रकाराचा 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' (१९७९) आणि एल्स्पेथ बिअर्ड या ब्रिटिश वास्तुशिल्पी स्त्रीचा 'लोन रायडर' (२०१७). तिघांनीही मोटारसायकलवरून दीर्घ प्रवास केला. तिघांच्याही वाटेत भारत आला. आणि तिघांचाही बेत प्रारंभी सैल होता.

'सैल बेत' म्हणजे बेताचा अभाव नव्हे, हे आरंभीच स्पष्ट करणे अवश्य आहे. वाहन ठरलेले असते, दिशा ठरलेली असते, एकट्याने जावयाचे हेही ठरलेले असते. न ठरलेले असते ते केवळ काळाचे आणि मुक्कामांचे वाटप. शिवाय मोटारसायकल हे वाहन स्वतःच काही अटी घालते. टाकीतील पेट्रोल किती अंतर पुरेल, पावसाळा कोठे गाठील, सुटा भाग मिळण्याचे जवळचे ठिकाण कोणते, पुढील देशाचा परवाना मिळेल की नाही, या गोष्टी प्रवाशाच्या स्वेच्छेला मर्यादा घालतात. आगगाडीच्या उतारूला भिंती आणि छप्पर असते, मोटारकारमधील प्रवाशाला निदान काचेचा आडोसा असतो. मोटारसायकलस्वाराला यांपैकी काहीच नसते. यंत्र बिघडले की तो रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दृष्टीसमोर उभा असतो. आणि तेथूनच त्याचा त्या मुलखातील माणसांशी खरा संबंध सुरू होतो. त्यामुळे या ग्रंथांतील महत्त्वाचे प्रसंग गती थांबल्यावर घडतात, यात आश्चर्य नाही.

फुल्टनच्या प्रवासाचा उगमच मुळी एका वाक्यात आहे. व्हिएन्ना येथे वास्तुशास्त्राचे शिक्षण घेऊन तो १९३२ साली लंडनमध्ये आला असता, एका भोजनप्रसंगी, आता घरी जाणार का, या आशयाच्या प्रश्नाला उत्तर देताना मोटारसायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणार असल्याचे तो बोलून गेला. तेथे डग्लस मोटारसायकलच्या कारखान्याशी संबंधित गृहस्थ उपस्थित होते आणि त्यांनी वाहन देऊ केले. बोललेला शब्द मागे घेणे अवघड झाले आणि प्रवास घडला. भाषाविचाराच्या दृष्टीने हे उदाहरण लक्षणीय आहे. येथे वाक्य हे पूर्वी झालेल्या निश्चयाचे निवेदन नाही. वाक्य उच्चारले गेले, म्हणून निश्चय अस्तित्वात आला. फुल्टनने सुमारे दीड वर्षात लंडनपासून टोकियोपर्यंतची मजल मारली. त्याच्या निवेदनात प्रसन्न विनोद आहे आणि स्वतःची थट्टा करण्याची तयारी आहे. परंतु हा विनोदच त्याच्या ग्रंथाची मर्यादाही ठरतो. प्रत्येक संकट सांगताना ते सरले आहे, हा दिलासा वाक्याच्या सुरातच मिसळलेला असतो. वाचक हसतो, पण त्या रात्री त्या तरुणाला वाटलेली भीती वाचकापर्यंत पोहोचत नाही.

सायमनचा ग्रंथ याहून पुष्कळच महत्त्वाकांक्षी आहे. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी तो लंडनहून निघाला, त्या वेळी त्याचे वय ४२ वर्षांचे होते. त्याच दिवशी इजिप्त व सीरिया यांचे इस्राएलशी युद्ध पेटले, आणि इजिप्त तर त्याच्या वाटेवरच होता. बेत सैल ठेवण्याचे तत्त्व पहिल्याच दिवशी कसोटीला लागावे, याहून बोलका योगायोग शोधून सापडणार नाही. 'संडे टाइम्स' या पत्राच्या साहाय्याने निघालेला हा प्रवासी ५०० सी.सी.च्या ट्रायंफ मोटारसायकलवरून आफ्रिका, दक्षिण व उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आशिया असा चार वर्षे हिंडला. ब्राझीलमध्ये हेर असल्याच्या संशयावरून त्याला अटकेत राहावे लागले. या अटकेचे प्रकरण ग्रंथातील उत्तम प्रकरणांपैकी एक आहे. कारण सुटका केव्हा होईल आणि होईल की नाही, याविषयीचे तत्कालीन अज्ञान लेखकाने तेथे जपले आहे.

असे असूनही ग्रंथाच्या एकंदर रचनेबाबत एक आक्षेप घ्यावा लागतो. भारतात एका विवाहप्रसंगी भविष्य सांगणाऱ्या एका गृहस्थाने सायमनला 'तू ज्युपिटर आहेस' अशा अर्थाचे सांगितले आणि बुधाच्या पीडेचा उल्लेख केला. ग्रंथाचे नाव या प्रसंगावरून आले. कालक्रमाने हा प्रसंग प्रवासाच्या उत्तरार्धातील आहे. पण ग्रंथात तो प्रारंभीच येतो. पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकात बुध आहे, अखेरच्या शीर्षकात मंगळ आहे, आणि मधली प्रकरणे खंडांच्या नावांनी ओळीने लागली आहेत. याचा परिणाम असा होतो की, लंडनहून निघणारा साशंक, भयग्रस्त माणूस वाचकाला भेटतो, तेव्हा त्याच्या मस्तकावर ग्रहाचे वलय आधीच चढलेले असते. जो अर्थ प्रवाशाला तिसऱ्या वर्षी भेटला, तो कथकाने पहिल्या पानावर ठेवला. वाट अनिश्चित होती. परंतु ग्रंथरचनेने तिला नियतीचा आकार दिला.

या नामकरणात भाषांतराचाही एक प्रश्न दडला आहे, आणि तो इंग्रजी वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. भारतीय ज्योतिषातील ज्या ग्रहाला इंग्रजीत 'ज्युपिटर' म्हणतात, तो आपल्याकडे गुरू, म्हणजे बृहस्पती होय. बृहस्पती हा देवांचा पुरोहित व उपदेशक आहे. तो देवांचा राजा नव्हे. रोमन ज्युपिटर मात्र देवाधिपती आहे. व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिले, तर त्या नावाचे नाते बृहस्पतीशी नसून ऋग्वेदातील 'द्यौष्पिता' या आकाशदेवतेशी आहे. म्हणजे ग्रह एकच असला, तरी दोन भाषांत त्याच्याशी निगडित झालेल्या कथा भिन्न आहेत. भारतीय संकेतानुसार त्या भविष्यवाणीचा अर्थ ज्ञान देणारा, शिकविणारा असा काहीसा होईल. इंग्रजी मुखपृष्ठावर तिचा अर्थ विश्वसंचारी देवराज असा होतो. चार वर्षे अनोळखी माणसांच्या घरी जेवलेल्या प्रवाशाला पहिला अर्थही थोडा मोठाच होता. दुसरा तर त्याहूनही मोठा.

सायमनच्या दुसऱ्या प्रवासाने या आक्षेपाला अनपेक्षित दुजोरा मिळतो. २००१ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्याने पूर्वीचाच मार्ग पुन्हा आक्रमिण्यास प्रारंभ केला; त्याचे वर्णन 'ड्रीमिंग ऑफ ज्युपिटर' (२००७) या ग्रंथात आहे. या वेळी वाहन निराळे होते, जग बदललेले होते. पण बेत सैल राहणे शक्यच नव्हते. पहिला ग्रंथच आता नकाशा झाला होता. एकदा लिहिली गेलेली वाट पुन्हा अलिखित होत नाही.

बिअर्डच्या ग्रंथाची जातकुळी निराळी आहे. वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी असताना, वयाच्या तेविसाव्या वर्षी, १९८२ साली ती एका जुन्या बी.एम.डब्ल्यू. मोटारसायकलसह निघाली. अमेरिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशिया, भारत, नेपाळ, पाकिस्तान आणि इराण या मार्गाने १९८४ च्या अखेरीस ती परतली. सिडनीत पैसे संपत आल्यामुळे तिला काही महिने नोकरी करावी लागली. सिंगापुरात पारपत्र व कागदपत्रे चोरीस गेल्याने सहा आठवडे अडकून पडावे लागले. १९८४ साली पंजाबातील अशांततेमुळे परकीयांच्या प्रवेशावर निर्बंध आले, तेव्हा परवान्याच्या कागदात फेरफार करून तिने तो टापू ओलांडला. नेपाळपासून परतीच्या वाटेवर तिला दुसऱ्या एका मोटारसायकलस्वाराची सोबत होती, आणि ही गोष्ट ती लपवीत नाही. परतल्यावर तिच्या साहसाची फारशी दखल कोणी घेतली नाही. ग्रंथ प्रसिद्ध व्हावयास आणखी तीन दशकांहून अधिक काळ गेला.

एवढ्या दीर्घ कालावधीनंतर लिहिलेल्या ग्रंथात उत्तरज्ञानाचा पगडा सर्वाधिक असावा, अशी अपेक्षा होते. वस्तुतः घडते ते उलट. बिअर्डची भाषा सायमनच्या तुलनेने साधी आहे. तिच्यात चिंतनाची खोली त्या मानाची नाही. परंतु त्या तरुणीला त्या दिवशी जेवढे कळत होते, त्याच्या फारसे पुढे तिचे कथन सहसा जात नाही. चुकीचे निर्णय चुकीचे म्हणूनच येतात. त्यांतून प्रत्येक वेळी धडा काढण्याचा आग्रह नाही. कालांतर वाढले म्हणजे सचोटी घटते असा नियम नाही, हे या ग्रंथाने दाखविले आहे. प्रश्न कालांतराचा नसून कथकाच्या संयमाचा आहे.

हा संयम व्याकरणातही तपासता येतो. मराठीतील '-णार होता' या रूपाचा विचार करावा. 'तो दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडणार होता' या वाक्यात प्रवाशाचा त्या वेळचा मानस आहे. सीमा ओलांडली गेली की नाही, हे वाक्य सांगत नाही. 'ती सीमा त्याला सहा आठवडे अडवून धरणार होती' या वाक्यात मात्र रूप तेच असूनही ज्ञान कथकाचे आहे. प्रवाशाला त्याचा पत्ताही नव्हता. एकच रूप दोन भिन्न ज्ञानांचे वाहक होते आणि संदर्भावाचून ती वेगळी करता येत नाहीत. बेतावाचून केलेल्या प्रवासाच्या वर्णनात पहिल्या प्रकारच्या वाक्यांचे प्राबल्य असेल, तर वाचक प्रवाशाबरोबर चालतो. दुसऱ्या प्रकारचे प्राबल्य असेल, तर तो कथकाबरोबर उंचावर उभा राहून खाली पाहतो. प्रवासवर्णनांच्या मराठी भाषांतरकारांनी आणि अभ्यासकांनी हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. अन्यथा मूळ ग्रंथात जपलेले अज्ञान भाषांतरात नकळत ज्ञान होऊन बसते.

मराठी वाङ्मयात या प्रश्नाचे सर्वांत जुने व ठळक उदाहरण विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हे होय. द्रव्यार्जनाचा साधा हेतू धरून उत्तरेकडे निघालेल्या या भिक्षुकाचा बेत १८५७ च्या उठावाने उधळून लावला. हकीकत लिहिली गेली ती सुमारे पाव शतकाने, आणि १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी ती संस्कारित करून प्रसिद्ध केली. दत्तो वामन पोतदार यांनी मूळ स्वरूपातील संहिता १९६६ साली प्रकाशात आणली. संपादकाचा हात फिरला की हकीकतीला घाट येतो. परंतु त्यासरशी गोंधळलेल्या माणसाचा गोंधळही विंचरला जातो. सायमनने स्वतःच्या ग्रंथावर हेच संपादन स्वतः केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सायमनची बाजू मांडणारे विचारतील की, अर्थ शोधणे हे लेखकाचे कामच नव्हे काय? केवळ घडलेल्या क्रमाने घटना मांडल्या, तर दैनंदिनी होईल, ग्रंथ होणार नाही. हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. सायमनचा ग्रंथ या तिहींत सर्वाधिक वाचनीय आहे आणि त्याचे श्रेय बव्हंशी त्याच्या चिंतनालाच आहे. आक्षेप अर्थ शोधण्यावर नसून तो अर्थ कोठे ठेवला यावर आहे. खुद्द त्याच्याच ग्रंथातील उत्कृष्ट भाग, म्हणजे अटक, यंत्राचा बिघाड आणि वाटेतील अनोळखी कुटुंबांचे आतिथ्य, या ग्रहमालेच्या चौकटीवाचून उभे राहतात. अडथळे हाच खरा प्रवास होता, ही त्याला झालेली जाणीव मोलाची आहे. संस्कृतातील 'प्रवास' या शब्दाची घडण 'प्र' आणि 'वस्' अशी असून, घरापासून दूर राहणे हा त्याचा मूळ अर्थ आहे; 'यात्रा' या शब्दातील 'या' धातूप्रमाणे केवळ जाणे हा नव्हे. आधुनिक मराठीत 'प्रवास' म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे एवढाच अर्थ उरला. मुक्कामांतच ज्याचा प्राण आहे अशा या ग्रंथांना तो जुना अर्थच अधिक शोभतो.

अखेरीस एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. बेत सैल ठेवण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे मिळत नाही. फुल्टनला कारखान्याचे वाहन मिळाले, सायमनला वृत्तपत्राचे पाठबळ मिळाले, आणि तिघांच्याही हाती पुष्कळ सीमांवर वजन असलेली पारपत्रे होती. स्त्री असल्यामुळे बिअर्डला प्रत्येक मुक्कामाचा विचार निराळ्या दृष्टीने करावा लागला. शिवाय या तिघांची अनिश्चितता निभावली, ती वाटेवरच्या असंख्य लोकांची घरे, चुली आणि दुकाने आपापल्या जागी निश्चित होती म्हणून. या लोकांना पुढे काय घडणार, हे प्रवाशाइतकेच अज्ञात होते. ग्रंथाचा शेवट तर त्यांतील बहुतेकांना कधीच कळला नसेल. अशा माणसांच्या बाजूने पाहता, जो कथक आपले उत्तरज्ञान आवरून धरतो, तोच त्यांना आपल्या बरोबरीचे स्थान देतो. प्रवासवर्णनाच्या मूल्यमापनात शैली व निरीक्षण यांच्या जोडीला हीही कसोटी लावणे उचित ठरेल.