अद्भुतकथेतील नामे आणि आपले अर्थान्वेषण

अद्भुतरसाच्या ग्रंथांत पदोपदी भेटणाऱ्या दुर्बोध विशेषनामांचा अर्थ तर्काने लावणे ही वाचकाची एक स्वतंत्र कला आहे, आणि तिची मराठीतील आजची अवस्था समाधानकारक नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचक तर्क करीत नाहीत असे नव्हे. उलट नाशिकच्या गंगापूर रोडवरील महाविद्यालयांत शिकणारी आणि टोल्किन वा रोलिंग यांच्या कादंबऱ्यांत रमणारी तरुण मंडळी हा व्यासंग मोठ्या हौसेने करतात. तक्रार आहे ती तर्काच्या पद्धतीविषयी. कोणतेही अपरिचित नाव समोर आले की त्याचे दोन तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्यास संस्कृतातील जवळचा शब्द चिकटवावयाचा आणि निकाल जाहीर करावयाचा, ही जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्यात कथेची साक्ष घेण्याची तसदी कोणी घेत नाही.

वस्तुतः या कलेची परंपरा आपल्याकडे अत्यंत प्राचीन आणि सावध आहे. यास्काने निरुक्तात एकेका नामाच्या अनेक व्युत्पत्ती शेजारीशेजारी मांडल्या. महाभारताने घटोत्कच, जरासंध आणि अश्वत्थामा यांच्या नावांचे उलगडे कथेच्या ओघातच करून दिले. परंतु या सर्वांहून मार्मिक उदाहरण नाशिककरांच्या अगदी ओळखीच्या राक्षसीचे आहे. सुपासारखी नखे असलेली, असे केवळ वर्णन करावयाचे असेल तर संस्कृत व्याकरणाप्रमाणे ‘शूर्पनखी’ असे रूप व्हावयास हवे. परंतु तेच विशेषनाम झाले म्हणजे पाणिनीचे नियम अंती ‘ई’ येऊ देत नाहीत आणि ‘न’चा ‘ण’ करतात, म्हणून ती ‘शूर्पणखा’ होते. ज्या क्षणी शब्द नाव बनतो त्या क्षणी त्याचे वर्णनपण मागे पडते आणि त्याची घडणसुद्धा बदलते, हे तत्त्व या दोन अक्षरांच्या फरकात नोंदलेले आहे. नामाचा अर्थ लावू पाहणाऱ्याने हा भेद विसरता कामा नये: व्युत्पत्ती सापडली म्हणजे पात्र सापडले असे होत नाही.

याच शूर्पणखेच्या छेदलेल्या नाकावरून नाशिक हे नाव पडले, असे आपण बालपणापासून ऐकतो. नऊ शिखरांवर वसले म्हणून ‘नवशिख’, असाही दुसरा तर्क आहे. पहिल्याची शहानिशा इतिहासाच्या कक्षेबाहेरची आहे, कारण ती श्रद्धेची आणि काव्याची बाब आहे. दुसऱ्याची मात्र करता येते. पतंजलीच्या महाभाष्यात ‘नासिक्य’ हे नगर येते आणि पांडवलेण्यांतील प्राचीन प्राकृत लेखात ‘नासिक’ हेच रूप कोरलेले आहे; म्हणजे दोन हजार वर्षांच्या दप्तरात ‘नाशिक’ आहे आणि ‘नवशिख’ नाही. मोगल अमलात या शहराचे गुलशनाबाद झाले, पुढे पेशवाईत जुने नाव पुन्हा रूढ झाले. आमच्या या गंगापूर रोडवरील आनंदवल्लीचे नाव राघोबादादांच्या आनंदीबाईंशी जोडले जाते, आणि ज्या गंगापूरकडे हा रस्ता जातो त्यातील गंगा उत्तरेची नसून गोदावरी आहे, कारण नाशिककर आपल्या नदीला गंगाच म्हणतात. हे स्थानिक बोलणे ठाऊक नसलेला परका मनुष्य केवळ कोशाच्या बळावर या नावाचा जो अर्थ करील तो शब्दशः बरोबर आणि प्रत्यक्षात चूक ठरेल.

गुलशनाबादचा ‘गुल’ आपल्याला अद्भुतकथेच्या खऱ्या कोठारात नेतो. एकोणिसाव्या शतकात मराठी वाचकाची कल्पनाशक्ती ज्या कथांवर पोसली गेली त्यांतील मोठा हिस्सा फारसीतून आलेला होता. तरीही त्यांतील नावांचे अर्थ आपण संस्कृतात शोधतो. ‘गुलबकावली’च्या कथेतील ‘बकावली’ म्हणजे बगळ्यांची आवली, हा तर्क संस्कृत जाणणाऱ्याच्या कानाला इतका गोड लागतो की तो सोडवत नाही. परंतु कथेला विचारावे, तर तेथे बगळ्यांचा मागमूसही नाही: बकावली ही एक परी आहे, तिच्या बागेतील फूल अंध राजाची दृष्टी परत आणणारे आहे, आणि ‘गुल’ म्हणजे तेच फूल. ते आणावयास निघालेल्या शहजाद्याचे नाव ताजुलमुलूक. यातील ‘मुलूक’ ऐकताच मराठी मनुष्याला वसुली-बंदोबस्ताचा ‘मुलूख’ आठवतो आणि तो ‘मुलखाचा मुकुट’ असा अर्थ करून मोकळा होतो. परंतु हा ‘मुलूक’ अरबी ‘मलिक’चे बहुवचन आहे, म्हणजे नावाचा अर्थ ‘राजांचा मुकुट’ असा आहे. हातिमताईची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. कित्येक मराठी मुलांनी त्या दानशूर पुरुषाला प्रथम कोणाची तरी थोरली बहीण समजले असेल, कारण ‘ताई’ हा शब्द त्यांच्या घरातच होता; तो अरबस्तानातील ‘तय्यि’ या टोळीचा निर्देश आहे, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

माधवराव पटवर्धनांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ साली प्रसिद्ध झाला. असा ग्रंथ हाताशी असता आपण अर्ध्याच वारशाच्या आधारे तर्क चालवावा, याचा मला मनापासून खेद वाटतो. फारसी-अरबी नावे आपल्याला परकी वाटू लागली आहेत हेच या कलेच्या ऱ्हासाचे मुख्य कारण आहे, असे मी समजतो.

हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुत कादंबऱ्यांत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण तेथे नायिकेचे नाव हीच तिची ओळख असते. खरी परीक्षा होते ती परभाषेतून आलेल्या ग्रंथांत. टोल्किन हे स्वतः भाषाशास्त्रज्ञ होते, आणि आपल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या डच व स्वीडिश अनुवादांनी असमाधान झाल्यावर त्यांनी अनुवादकांसाठी नावांचे एक मार्गदर्शक टिपणच तयार केले. जी नावे ग्रंथातील लोकभाषेची आहेत ती अर्थाने भाषांतरित करावी आणि एल्फांच्या भाषांतील नावे जशीच्या तशी ठेवावी, असा त्याचा आशय होता. मराठीत मुग्धा कर्णिक यांनी या महाग्रंथाला ‘स्वामी मुद्रिकांचा’ हे नाव दिले. ‘अंगठी’ऐवजी ‘मुद्रिका’ आल्यामुळे अशोकवनातील हनुमंताची स्मृती आपोआप जागी होते आणि परकी वस्तू पंचवटीच्या वाचकाला एकदम जवळची वाटते. ही निवड मला उत्तम वाटते.

येथे देवनागरी लिपी एक उपकार करते आणि एक जबाबदारीही टाकते. रोमन अक्षर जे झाकून ठेवते ते आपल्याला लिहिताना ठरवावेच लागते. एल्फांच्या भाषांत ‘सी’ या अक्षराचा उच्चार सदैव ‘क’ असतो, असे टोल्किन यांनी परिशिष्टात सांगितले आहे; त्यामुळे रुप्याचा वाचक शब्द ‘केलेब’ आहे आणि त्यावरून घडलेले नाव ‘केलेबॉर्न’. इंग्रजी सवयीने ‘सेलेबॉर्न’ लिहिणाऱ्याने वाचकाच्या हातून अर्थाचा धागाच काढून घेतला.

याच्या अगदी उलट टोकाला जी. ए. कुलकर्णी आहेत. ‘रमलखुणा’ (१९७५) या संग्रहात दोनच दीर्घकथा आहेत: ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. संग्रहाच्या नावातील ‘रमल’ ही अरबांकडून आलेली भविष्यविद्या. ‘प्रवासी’ हा शब्द शाळकरी मुलालाही कळणारा. आणि मग ‘इस्किलार’, ज्याला संस्कृताचा हात पुरत नाही आणि फारसीचाही नाही. पुष्कळ वाचक त्यावर व्युत्पत्तीचे हत्यार चालवून पाहतात. ज्या लेखकाने आधीच्या दोन नावांत अर्थ इतका उघडा ठेवला त्याने तिसऱ्यात तो जाणूनबुजून बंद केला आहे, हे मला निःसंशय दिसते. तेथे अर्थान्वेषकाचे काम त्या नादाच्या परकेपणाने कथेत काय साधले हे पाहण्याचे आहे, आणि त्या दिशेने मराठी समीक्षेने अजून पुरेसे लिहिलेले नाही.