'स्मृतिचित्रे' आणि नववी आज्ञा

ख्रिस्ती घरांत मुलांकडून दहा आज्ञा लहानपणीच पाठ करून घेण्याची चाल आहे. त्यांपैकी पहिल्या चार देवाविषयीच्या व उरलेल्या सहा माणसाविषयीच्या, अशी प्रॉटेस्टंट पंथांतील रूढ विभागणी. खून करू नये, चोरी करू नये, या आज्ञा सभ्य गृहस्थास फारशा जड वाटत नाहीत. त्या आपल्या हातून पाळल्या जातातच, अशी त्याची खात्री असते. खोटी साक्ष देऊ नये ही नववी आज्ञा तर केवळ कोर्टकचेरीपुरती आहे असे समजून तो पुढे जातो. वस्तुतः आपल्या माणसांविषयी आपण रोज जे बोलतो, किंवा बोलावयाचे टाळतो, तीही साक्षच होय. ती कशी द्यावी हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा एकवार हाती घ्यावी.

या ग्रंथाचे भाग 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि 1936 मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या. त्यांच्या भाषेचा साधेपणा व विनोद यांची वाखाणणी तेव्हापासून आजवर अखंड चालू आहे, आणि ती यथार्थच आहे. परंतु या कौतुकाच्या भरात ग्रंथाचा एक विशेष झाकला गेला, असे आम्हांस वाटते. धर्माची आज्ञा घरात पाळली जाते तेव्हा तिचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न मराठीत इतक्या उघडपणे क्वचितच कोणी मांडला असेल.

ग्रंथाचा आरंभच पाहावा. लक्ष्मीबाईंच्या आजोबांस, म्हणजे आईच्या वडिलांस, 1857 च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही, असा निर्बंध सुरू झाला. बिचारे मीठही त्यातून सुटले नाही! शुद्धी वडिलांची, पण तिच्यासाठी राबावयाचे बायकामुलांनी. हे सारे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. वडिलांवर राग धरीत नाहीत आणि वाचकासही धरू देत नाहीत.

एखादा सामान्य लेखक असता तर त्याने येथेच पक्ष घेतला असता. जुन्या घरी कर्मठपणा व नव्या घरी प्रीती, असे दोन रकाने पाडून तो मोकळा झाला असता. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करावी, ही आज्ञा त्यांनी अक्षरशः शिरोधार्य मानली. घरात पैसा टिकू नये, जो दिसेल त्याची कणव यावी, अनाथ पोरे घरी आणून ठेवावी, हा त्यांचा स्वभावच होता. पुढे 1917 मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून ते 'देवाचा दरबार' मांडून बसले. टिळकांच्या या थोरवीपुढे आमचेही मस्तक नम्र होते. परंतु आणलेल्या पोरांस रात्री काय वाढावयाचे, ही चिंता कोणी वाहिली? शेजाऱ्याची व्याख्या करताना अगदी जवळचा शेजारी, म्हणजे चुलीपाशी बसलेली पत्नी, विसरला जाऊ शकतो. जुन्या घरात सोवळ्याचे ओझे जिच्यावर पडे, तिच्यावरच नव्या घरात औदार्याचेही पडले. हे वाक्य लक्ष्मीबाई कोठेही उच्चारीत नाहीत; पण त्यांनी सांगितलेल्या प्रसंगांतून ते आपोआप वाचकाच्या मनात उभे राहते.

येथे कोणी विचारील की, पतीचा तापट स्वभाव, त्याचा अव्यवहारीपणा, त्याने न सांगता केलेले धर्मांतर आणि त्यापायी आपण भोगलेली वर्षे, हे सर्व छापावे काय? मातापित्यांचा मान राखावा ही पाचवी आज्ञा आहे, आणि हा ग्रंथ जगापुढे आणण्यात त्या दांपत्याच्या पुत्राचाच, देवदत्त टिळकांचा, हात होता. मग पाचवी व नववी या दोन आज्ञा परस्परांस छेदत नाहीत काय? हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. आमचे उत्तर असे : ज्या मानास टिकण्यासाठी असत्याचा टेकू लागतो तो मान पोकळ असतो. 'स्मृतिचित्रे' वाचून टिळकांविषयीचा आदर कमी झाला असा वाचक आम्हांस अद्याप भेटलेला नाही. उलट ज्या चरित्रांतून नायकाचे सर्व दोष खरडून काढलेले असतात, त्यांतील नायक पुस्तक मिटताच आपण विसरतो.

शिवाय ही साक्ष एकतर्फी नाही. लक्ष्मीबाई स्वतःसही पिंजऱ्यात उभे करतात. आपला हट्ट, आपली भीती, आपले सोवळे, सर्व काही त्या त्याच मोकळेपणाने सांगतात. टिळकांमागून त्या लगेच गेल्या नाहीत. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार त्यांनी आपल्याच मनाशी केला व सुमारे पाच वर्षांनी, 1900 मध्ये, स्वतः बाप्तिस्मा घेतला. पतीची आज्ञा म्हणून देवाची आज्ञा त्यांनी स्वीकारली नाही, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

ग्रंथात उणीव नाही असे नव्हे. ज्या विचाराने एका स्त्रीचे सारे आयुष्य पालटले तो थोडक्यात आटोपला जातो आणि वाचकाची जिज्ञासा अर्धवट राहते. उपासनेचे, प्रार्थनेचे, एकांताचे चित्रण प्रसंगांच्या गर्दीत मागे पडते. विनोद हे लक्ष्मीबाईंचे बळ खरे. परंतु कित्येक ठिकाणी दुःख बोलू लागण्याच्या आतच तो पुढे येतो व त्याचे तोंड बंद करतो. पतीच्या धर्मांतरानंतरची ती वर्षे वाचताना हे विशेषेकरून जाणवते.

तथापि, या उणिवा मान्य करूनही आमचा मुख्य मुद्दा कायम राहतो. आपल्या घरांतून, मग ती ख्रिस्ती असोत वा हिंदू, वडील माणूस निवर्तले म्हणजे त्याच्या आठवणी लिहिल्या जातात. त्यांत तो नेहमी दानशूर, शांत व धर्मशील असतो. त्याच्या दानासाठी कोणी अर्धपोटी राहिले, त्याच्या शांतीसाठी कोणी मुकाट्याने सोसले, याची नोंद कोणी करीत नाही. आपण यास आदर म्हणतो. नववी आज्ञा यास निराळेच नाव देईल. प्रेमाने खरे सांगता येते व खरे सांगूनही प्रेम उरते, हे लक्ष्मीबाईंनी आपल्या घराचे दार उघडून दाखविले. आता आपापल्या घरच्या आठवणी लिहावयास बसणाऱ्याने त्यांची ही पोथी जवळ ठेवावी.