महाभारताची आधुनिक मराठी पुनर्कथने

महाभारतातील प्रसंगांना व व्यक्तींना आधुनिक दृष्टीने नवा अन्वयार्थ देणाऱ्या नाटकांना, कादंबऱ्यांना, काव्यांना व ललितनिबंधांना स्थूलमानाने ही संज्ञा लावता येते. भाषांतर मूळ संहितेला बांधलेले असते. पुनर्कथनकार मात्र दृष्टिकोन, घटनाक्रम आणि प्रसंगी घटनाही बदलतो. हे स्वातंत्र्य त्याला नाकारता येत नाही. त्या स्वातंत्र्याच्या मोबदल्यात वाचकाच्या पदरी काय पडते, हा समीक्षेचा खरा प्रश्न होय.

अशा लेखनाचा एक समृद्ध प्रवाह इंग्रजीत होमरच्या इलिअड व ओडिसी या महाकाव्यांभोवती निर्माण झाला आहे. मात्र इंग्रजी वाचकाकडे होमर आला तो परभाषेतून, जॉर्ज चॅपमन, अलेक्झांडर पोप आदींच्या भाषांतरांद्वारे. मराठी वाचकाची स्थिती वेगळी आहे. महाभारताचा भूगोल त्याच्या अंगणाला भिडलेला आहे : वनपर्वातील तीर्थयात्रेत पांडव ज्या शूर्पारकास येतात, ते म्हणजे वसई तालुक्यातील आजचे नालासोपारा, असे मानले जाते. मुक्तेश्वराचे भारत, श्रीधराचा पांडवप्रताप, मोरोपंतांचे आर्याभारत आणि कीर्तन-पुराणे यांनी ही कथा घरोघर पोहोचविली होती. त्यामुळे आधुनिक लेखकाला येथे कथा नव्याने सांगावयाची नसते. वाचकाच्या मनात स्थिरावलेल्या कथेशी त्याला वाद घालावयाचा असतो.

कृ. प्र. खाडिलकर यांच्या कीचकवध (१९०७) या नाटकात हा वाद राजकीय होता. कीचकाच्या रूपात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले आणि सरकारनेही ते ओळखून १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. वि. स. खांडेकर यांच्या ययाति (१९५९) या कादंबरीत आदिपर्वातील उपाख्यान भोगवादी युगाचे रूपक बनते. मूळ कथेत स्वर्गलोकी परतल्यावर दृष्टीआड होणारा कच येथे संयमाचा आदर्श म्हणून पुढेही वावरतो. रूपकाला त्यामुळे बळ येते. परंतु कोणाचे अनुकरण करावे, हे लेखकानेच ठरवून दिल्यामुळे वाचकाच्या विवेकाला फारसे काम उरत नाही.

सर्वाधिक लोकप्रियता लाभली ती शिवाजी सावंत यांच्या मृत्युंजय (१९६७) या कादंबरीला. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व कृष्ण यांच्या आत्मनिवेदनांतून ती उलगडते. जन्मामुळे नाकारल्या गेलेल्या कर्तृत्वाची व्यथा तिने हजारो वाचकांना आपली वाटावयास लावली, हे तिचे निर्विवाद सामर्थ्य. पण निवेदक सहा असूनही निवाडा एकच आहे. दृष्टिकोनांची विविधता परस्परांना छेद देत नाही. ती कर्णाच्या बाजूने साक्षीदार उभे करते.

कर्णविषयक लोकप्रिय समजुतींची मूळ संहितेशी तुलना उद्बोधक ठरते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तीच्या मुख्य पाठात, सूताला वरणार नाही, हे द्रौपदीचे स्वयंवरातील प्रसिद्ध उद्गार स्वीकारलेले नाहीत. द्यूतसभेत द्रौपदीला हीन शब्दांत संबोधणारा आणि तिची वस्त्रे उतरविण्यास सांगणारा कर्ण मात्र त्याच पाठात आहे. म्हणजे ज्या अपमानाचा सूड म्हणून त्याच्या वर्तनाचे समर्थन केले जाते तो उत्तरकालीन भर ठरतो, आणि वर्तन तेवढे उरते. याहून महत्त्वाचे असे की, उद्योगपर्वात कृष्णाशी बोलताना आपण पांडवांना कटू शब्द बोललो याचा पश्चात्ताप कर्ण स्वतःच व्यक्त करतो. व्यासांच्या कर्णाला वकिलाची गरज नाही. स्वतःचा अपराध तो जाणतो, आणि हीच त्याची शोकात्मिका आहे. समर्थनाच्या भरात पुनर्कथने नेमकी हीच उंची गमावतात.

दुर्गा भागवत यांचे व्यासपर्व (१९६२) आणि इरावती कर्वे यांचे युगान्त (१९६७) ही पुस्तके कथात्म नसूनही पुनर्कथनाचे प्रयोजन अधिक समर्थपणे साधतात. दुर्गाबाई काव्याच्या अंगाने व्यक्तिरेखांच्या अंतरंगात शिरतात. इरावतीबाई चिकित्सित पाठाचा आधार घेऊन मानवशास्त्रज्ञाच्या निर्ममतेने प्रत्येकाच्या कृतीचा हिशेब मांडतात. त्यांचा कर्ण ‘मी कोण’ या प्रश्नाच्या उत्तरासाठी धडपडणारा आणि त्या धडपडीत चुकत जाणारा माणूस आहे. खांडववनाच्या दहनाबाबत कृष्णार्जुनांनाही त्या सूट देत नाहीत. युगान्तला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

अलीकडच्या इंग्रजी पुनर्कथनांचा कल मूळ काव्यात जवळजवळ मूक असलेल्यांना वाचा देण्याकडे आहे. ओडिसीच्या बाविसाव्या सर्गात फाशी दिल्या गेलेल्या बारा दासी मार्गारेट ॲटवुड यांच्या द पेनेलोपिअड (२००५) मध्ये वृंदगानातून जाब विचारतात. पॅट बार्कर यांची द सायलेन्स ऑफ द गर्ल्स (२०१८) ही कादंबरी प्रामुख्याने युद्धात बंदी झालेल्या ब्रिसेइसच्या मुखातून येते. मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिणारे कवी अरुण कोलटकर यांनी सर्पसत्र (२००४) या इंग्रजी दीर्घकाव्यात हीच वाट चोखाळली. त्यात जरत्कारू आपला पुत्र आस्तीक याला वंशसंहार थांबविण्यास सांगते आणि खांडवदाहाची आठवण सर्पांच्या बाजूने जागी होते. मराठीतील प्रमुख पुनर्कथनांनी मात्र बहुधा राजकुलातीलच उपेक्षित निवडला. जतुगृहात पांडवांऐवजी जळालेली निषाद स्त्री आणि तिचे पाच पुत्र त्यांत परिघावरच राहिले आहेत. एका नायकाला न्याय मिळवून देताना महाभारताची सर्वांना न्यायासनासमोर उभे करण्याची वृत्ती हरवू नये, हीच या लेखनप्रकाराची कसोटी होय.